शाफ्टवरची पट्टी

४ जून

प्रिय मामा,

नमस्कार नंतर, आधी भांडण. तुझं कार्ड आलं. "यापुढे फोन नको. फोनवर माणसं घाईत बोलतात आणि खोटं बोलतात. काय ते कागदावर लिही." एवढंच! खाली सहीसुद्धा नाही, नुसता ग्रीसचा अंगठा. स्वतः सही करायला कंटाळणारा माणूस मला पानंच्या पानं लिहायला सांगतो, याला काय म्हणायचं? पण तुझ्यापुढे कुणाचं चाललंय? आईचं कधी चाललं नाही, मामीचं चालत नाही, मी तर कालची पोर. तेव्हा घे, हे पान आणि आठवीनंतर प्रथमच काढलेलं सुवाच्य अक्षर.

नवी नोकरी झकास आहे. प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर. धूळ येऊ नये म्हणून खिडक्या कायमच्या बंद. डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, पायात कापडी पिशव्या. आरशात पाहिलं तर मी थेट दुधाची पिशवी दिसते. साहेबांना आम्ही 'दोन मिनिटं' म्हणतो. "दोन मिनिटं आहेत का?" असं विचारून आत बोलावतात, आणि माणूस बाहेर येतो तोवर त्याच्या चहावर साय धरलेली असते. शेजारच्या टेबलावर सोल्डर बसतात. हातात सदा सोल्डरिंगचं पेन, म्हणून ते नाव. रसायन माझ्याकडे, सर्किटं सोल्डर यांच्याकडे. फार कमी बोलतात, पण डबा वाटून खातात आणि माझ्या प्रत्येक चुकीवर "हरकत नाही" म्हणतात.

तू विचारशील, पण करतेस काय? ऐक. चॉकलेटच्या कागदाएवढा पातळ एक पडदा आहे. तो दाबला, हलवला, की किंचितशी वीज देतो. ती पकडायला त्याच्यावर चांदीच्या रेघा छापायच्या. त्या चांदीची शाई बनवणं हे माझं काम. शाईतले कण इतके बारीक, की तुझ्या मिशीच्या एका केसाच्या रुंदीत हजाराच्या वर शेजारीशेजारी बसतील. आणि इतकी बारीक केली की चांदीचा स्वभावच बदलतो. एरवी भट्टीशिवाय न बधणारी ही बया, पण इथे पाणी उकळेल एवढ्याच उबेला कण कणाला चिकटतो आणि सलग रेघ तयार होते. मला अजून दर वेळी गंमत वाटते.

ही पट्टी यंत्रावर चिकटवायची. यंत्र थरथरतं, पट्टी वीज देते, तारेने जोडलेली डबी ती मोजते. थरथर बेताची असेल तर हिरवा दिवा, वाढली की लाल. आमच्या टेबलावरच्या पंख्यावर उत्तम चालते. पण पंखा म्हणजे काही यंत्र नव्हे. मला ओल हवी, तेल हवं, उष्णता हवी, वर थोड्या शिव्या हव्यात. म्हणजे तुझी नदीवरची लाँच! शाफ्टच्या बेअरिंगवर एक पट्टी लावून देशील का? साहेबांनीही मान डोलावली आहे, तीही दोन मिनिटांत.

मामीला नमस्कार. तिला तरी फोनची परवानगी आहे का?

तुझी,
उचापत


१३ जून

चि. उचापत,

अनेक आशीर्वाद आणि एक टपली.

पत्र दोनदा वाचलं. अक्षर अजून कोंबडीचंच आहे. मामीचा फोन मामीजवळ आहे, पण तिला मी शपथ घातली आहे, भाचीशी बोलायचं तर कागदावर. ती म्हणते, मला कंटाळा येतो लिहायचा. मग तिचे आशीर्वाद यातच धर.

आता पट्टीचं. नाही. माझं इंजिन काय आजारी आहे, पट्ट्या बांधायला? या काठावरून त्या काठावर माणसं नेता नेता माझे केस पांढरे झाले. पेचकसाचं टोक बेअरिंगला आणि मूठ कानाला लावली, की आतली एकेक गोळी काय म्हणते ते मला कळतं. तुझ्या साहेबांना सांग, मामाला कान आहेत. दोन आहेत. त्यांना दिवे लागत नाहीत.

बाकी ठीक. मात्र लोकांचं बोलणं हल्ली फार बिघडलंय बघ. जो तो तोंडात गुळणी धरल्यासारखा बोलतो. परवा मामीने साखर मागितली. मी कपाटातून चादर काढून दिली. ती माझ्याकडे बघत बसली. आता चहाला चादर कशाला लागते हे मीच विचारायला हवं होतं, पण संसारात सगळेच प्रश्न विचारायचे नसतात. कप्तानाचीही तीच गत. वरून ओरडला, "हळू दे!" मला वाटलं, "चालू दे!" मी दिलं चालू. लाँचने धक्क्याला असा धक्का दिला, की तिकीटवाल्या बाईंची खिडकी आपोआप बंद झाली. कप्तानाला म्हटलं, शब्द नीट चावून टाकत जा.

मुख्य मुद्दा वेगळाच आहे. तुझ्या पत्रात हे सोल्डर फार वेळा आले. "बसतात", "खातात", "म्हणतात". मामा इंजिनात शिरला म्हणून व्याकरण विसरलेला नाही. वर्तमानकाळाच्या पडद्याआड कोण दडवलंय? डबा वाटून खातात म्हणे! चुका केल्या तरी रागावत नाहीत म्हणे! असा माणूस शंभरात एक. घरी घेऊन ये, मी इंजिन दाखवीन, मामी बाकीचं बघेल.

मामा


२० जून

प्रिय मामा,

तुझं पत्र मी सोल्डर यांना वाचून दाखवलं. त्या हसून हसून टेबलाखाली गेल्या. हो, त्या! सोल्डरताई. तीन नातवंडांच्या आजी, पुढच्या वर्षी निवृत्त होणार. तुझं स्थळ त्यांना मान्य आहे, फक्त घरी यजमानांना विचारून सांगते म्हणाल्या.

पट्टीचं मात्र मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या कानांवर मी शंका घेईन? लहानपणी मी तुझ्या कोटात लपून बिस्किटं खायचे, तर तू इंजिन चालू असताना ओळखायचास की मी किती खाल्ली. मला आपलं वाटलं, घरचं यंत्र आहे. जाऊ दे. आम्ही पंख्यावर भागवू. साहेब फार तर दोन मिनिटं नाराज होतील.

चादरीचा चहा कसा लागला ते कळव.

उचापत


१४ जुलै

चि. उचापत,

उत्तराला उशीर झाला, इंजिनाचं काम निघालं होतं. विशेष काही नाही. पाण्याच्या पंपाचा पट्टा तुटला, इंजिन तापलं आणि लाँच नदीच्या मधोमध बंद पडली. वाहत जाऊन काठच्या उंच गवतात शिरलो. पलीकडच्या शाळेच्या मास्तरीणबाई चपला हातात घेऊन चिखलातून चालत गेल्या, मागे पोरांची वरात. पोरं खूश, तास बुडाला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

पट्टा तुटण्याआधी किंचाळतो म्हणतात. हा आपला मुकाट तुटला. एकेका वस्तूचा स्वभाव.

असो. मी विचार केला, भाचीची अडचण भागवायची नाही तर मामा कशाला व्हायचं? तेव्हा त्या पट्ट्या पाठवून दे. दोन पाठव, एक लावायला, एक राखीव. शक्य तर दिवा जरा मोठा बसव आणि तार लांब दे, म्हणजे डबी मला वर डोळ्यांसमोर टांगता येईल.

हे तुझ्या साहेबांवर उपकार आहेत, आणखी काही नाही.

मामा


२२ जुलै

प्रिय मामा,

तू जगातला सर्वांत चांगला मामा आहेस, आणि हे मी बाकीचे मामा न बघताच सांगते!

सोबत दोन पट्ट्या, डबी आणि तुझ्या शर्टाच्या बटणापेक्षा मोठा दिवा. सोल्डरताईंनी खास तुझ्यासाठी बसवला. बेअरिंगचं बाहेरचं घर रॉकेलने पुसून, सुकवून मग चिकटव. बोटांनी चांदीच्या रेघांना हात लावू नकोस, तुझ्या बोटांवरचं ग्रीस कुठल्याही रसायनाला भारी आहे.

साहेब हर्षभरित झाले. सप्टेंबरात एका मोठ्या गिऱ्हाईकापुढे पट्टी मांडायची आहे, जहाजांची यंत्रं बनवणारी मंडळी. "खऱ्या बोटीवर चालते" असं सांगता येईल म्हणून ते स्वतःशीच गुणगुणत होते. मला या पट्टीची प्रमुख करायचं म्हणतात. आईला अजून सांगू नकोस.

एक खबरदारी. ओल. इथल्या दमट पेटीत ठेवलेल्या दोन पट्ट्या जरा रुसल्या होत्या. पुसून वाळवल्यावर परत बोलायला लागल्या. म्हणून तुझ्या पट्ट्यांवर संरक्षक थर जाड दिला आहे. आणि तसंही, दिवा काहीही म्हणो, तुझे कान आहेतच. म्हणून तर इतकी निर्धास्त आहे.

उचापत


१९ ऑगस्ट

चि. उचापत,

तुझी पट्टी म्हणजे रत्न आहे. मी आधी नाक मुरडलं ते शब्द परत घेतो, पण साहेबांना कळवू नकोस.

लावल्या लावल्या दुसऱ्याच दिवशी दिवा लाल. खाली जाऊन चाचपलं तर बेअरिंगच्या घराचा एक बोल्ट सैल. आवळला, दिवा हिरवा. मी त्याला सलाम ठोकला. तेव्हापासून हिरवा तो हिरवाच. आता मी पूर्वीसारखा लाँचच्या पोटात घुसून बसत नाही. वर बाकावर बसतो, वारा खातो, डबी समोर टांगलेली. कप्तान म्हणतो, तू आता इंजिनवाला नाहीस, प्रवासी आहेस, तिकीट काढ. म्हणजे बहुधा असंच म्हणाला.

तळात हल्ली पाणी जरा जास्त साचतं. शाफ्ट जिथून बाहेर जातो तिथून थोडं पाझरतंय, या आठवड्यात बघतो. पट्टीवर शिंतोडे उडतात, पण ती कसली खमकी, ढिम्म हलत नाही.

एक गंमत. मास्तरीणबाई परवा उतरताना माझ्यासमोर उभ्या राहून हातवारे करून सांगायला लागल्या, की खालून कुणीतरी दार ठोठावतंय असा आवाज येतो. पोरांनी तर म्हणे त्या ठोक्यावर पाढे म्हणायला सुरुवात केली आहे. मी लगेच डबी बघितली. हिरवागार दिवा! म्हटलं, बाई, माणूस खोटं बोलेल, यंत्र बोलत नाही. बाई पोरांना घेऊन उतरल्या. पोरांचे पाढे तरी पक्के होतील.

मामीची तब्येत चांगली आहे. अलीकडे कमी बोलते. वय झालं.

मामा


२३ ऑगस्ट

प्रिय मामा,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा लाँच धक्क्याला बांधलेली असेल, आणि ती कुणी बांधायला लावली हे तुला कळलेलं असेल. तू चिडला असशील. तरी शेवटपर्यंत वाच.

तुझं पत्र मी जिन्यात उभी राहून वाचलं. सवयीने हसायच्या जागा शोधत होते. पाढ्यांपाशी आले आणि हसले. दोन पायऱ्या चढून थांबले. बाकावर बसलेल्या पोरांना ठोका ऐकू येतो, बाईंना येतो, आणि तुला डबी बघावी लागते? मग मागची सगळी पत्रं डोक्यात एका रांगेत उभी राहिली. साखर आणि चादर. "चालू दे." न किंचाळता तुटलेला पट्टा. लांब तार, मोठा दिवा. फोन नको, कागदावर लिही. मामा, मी रसायनशास्त्रात डॉक्टर आहे आणि मला हे कळायला जून ते ऑगस्ट लागले.

मी मामीला फोन केला. "मामी, मामाला ऐकू येतं का ग?" एवढंच विचारलं. तिने हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मला शपथ घातली आहे," आणि रडायला लागली. फोन मी केला होता आणि तिने काही सांगितलं नाही; शपथ तिने मोडलेली नाही, हे तू लक्षात ठेव.

पण दिवा हिरवा का, हे कोडं उरलंच होतं. मी आणि सोल्डरताईंनी दमट पेटीतली सर्वांत जुनी पट्टी काढली आणि पंख्यावर न वाळवता, तशीच ओली लावली. पंख्याच्या पात्याला मुद्दाम खिळा बांधला. पंखा टेबलावर नाचत होता. दिवा हिरवा. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर एका रेघेतून दुसऱ्या रेघेपर्यंत चांदीला पालवी फुटलेली. ओल मिळाली की चांदी विरघळून सरकते आणि नेच्याच्या पानासारखी वाढते. दिसायला इतकी देखणी की क्षणभर मी बघतच राहिले. ती पालवी दोन रेघांना चिकटली की पट्टी मुकी होते. मग डबीला काहीच ऐकू येत नाही, आणि काहीच ऐकू येत नाही याचा अर्थ ती लावते की सगळं छान चाललंय. आम्ही तिला जास्त थरथर ओळखायला शिकवलं होतं. काहीच नसणं ओळखायला शिकवलंच नाही.

सोल्डरताई म्हणाल्या, "ही मेलेली पट्टी आहे. तुझ्या मामांची आतापर्यंत..." आणि प्रथमच त्या "हरकत नाही" म्हणाल्या नाहीत.

मी धक्क्यावर फोन लावला. तिकीटवाल्या बाईंनी उचलला. "लाँच निघाली का?" "माणसं चढतायत." "थांबवा. शाफ्टचं बेअरिंग गेलंय." "तुम्ही कोण?" "इंजिनवाल्यांची भाची. पट्टी मी बनवली आहे आणि ती खोटी ठरली आहे." बाईंनी पुढे एक अक्षर विचारलं नाही. खिडकीतून डोकं काढून अशी आरोळी ठोकली, की माझ्या कानठळ्या बसल्या.

मी फक्त पट्टीबद्दल सांगितलं. कानांबद्दल कुणालाही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. ते तुझं आहे, तू सांगायचं.

आता साहेबांकडे जाते. मीच विचारणार आहे, दोन मिनिटं आहेत का.

उचापत


२८ ऑगस्ट

उचापत,

भर धक्क्यावर, भरल्या लाँचमधून माणसं उतरवली. सगळे माझ्याकडे बघत होते. का ते मला कळेना, कारण ओठ हलताना दिसत होते आणि शब्द पोचत नव्हते. कप्तानाने हाताला धरून मला कचेरीत नेलं, एखाद्या आजोबाला नेतात तसं.

एवढी वर्षं मी त्या लाँचचा माणूस होतो. तुझ्या एका फोनने मी तिचं सामान झालो.

मामीशी मी बोलत नाही. तुलाही पत्र नको.

मामा


१६ सप्टेंबर

प्रिय मामा,

पत्र नको म्हणालास. कार्डावर लिहिते, म्हणजे पत्र होत नाही.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. गिऱ्हाईकाला कळवलं की पट्टी अजून तयार नाही. गिऱ्हाईक गेलं. प्रमुख मी झाले नाही. साहेब म्हणाले, "खिळा बांधलेला पंखा तू मला आधी का नाही दाखवलास?" मी म्हटलं, "आधी मला सुचलाच नाही." ते म्हणाले, "मलाही नाही." मग आम्ही दोघं काही वेळ त्या पंख्याकडेच बघत बसलो. त्यांचा चहा गार झाला, माझा नाही, कारण मला मिळालाच नव्हता.

काम मात्र चालू आहे. चांदीच्या रेघांवर आता कार्बनच्या शाईचा थर देते, रेघा एकमेकींपासून लांब ठेवते आणि सगळं पाण्यात बुडवूनच तपासते. सोल्डरताईंनी डबी बदलली. यंत्राची नेहमीची गुणगुण येईनाशी झाली, की पिवळा दिवा लागतो. म्हणजे, "मला ऐकू येत नाहीये, तूच बघ."

मला तुझी आठवण येते. रागावलास तरी ग्रीसचा अंगठा उमटवून पाठव, म्हणजे कळेल.

उचापत


११ ऑक्टोबर

चि. उचापत,

आशीर्वाद. टपली या वेळी मलाच.

बेअरिंग उघडलं. मीच उघडलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. वाटलं होतं, आत सगळं ठीक निघेल आणि मी ते सगळ्या धक्क्यावर मिरवीन. आतल्या गोळ्यांचा चुरा होऊन गेलेला. शाफ्टला बोटभर चर पडलेला. शाफ्ट हेलकावत होता, म्हणूनच मागून पाणी येत होतं, आणि मी ते "थोडं पाझरतंय" म्हणून तुला लिहिलं. गोदीतला फिटर आला होता. त्याने बघितलं, मग पलीकडच्या काठाकडे बघितलं, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. ठेवून काही बोलला नाही. बोलला असता तरी मला कळलं नसतं म्हणा.

मी तिथेच तळात बसून राहिलो. डोळ्यांपुढे सकाळची फेरी येत होती. पोरं ज्या ठोक्यावर पाढे म्हणत होती, तो शाफ्ट मोडायच्या आत त्यांचे पाढे तेरापर्यंत तरी गेले असते का?

वर आलो आणि कप्तानाला म्हटलं, "मला ऐकू येत नाही. तीन वर्षं होत आली." त्याने खिशातून पेन्सिल काढून तिकिटाच्या मागे लिहिलं, "मला माहीत आहे." मी विचारलं, "मग बोलला का नाहीस?" तर लिहिलं, "बोललो होतो." मग दोघंही हसलो. माझे डोळे भरले तेव्हा त्याने नदीकडे तोंड केलं. त्याचीही चूक आहे, माझीही आहे, आणि ती दोघांनी कचेरीत जाऊन सांगितली. कप्तानाला बोलणी बसली. माझं लाँचवर जाणं बंद झालं. आता गोदीत असतो, बंद पडलेली इंजिनं उघडतो. तिथे कान लागत नाहीत, बोटं लागतात. पहिले काही दिवस लाँच समोरून गेली की मी पाठ फिरवायचो. आता फिरवत नाही. शाफ्ट नवा आहे, सरळ चालते.

तुझं कार्ड मामीने माझ्या ताटाशेजारी ठेवलं होतं. मी वाचलं, उलटं ठेवलं. तिने परत सुलटं ठेवलं. असं दोन जेवणं चाललं. मग मी म्हटलं, "चल, डॉक्टरकडे जाऊ." तिने विचारलंसुद्धा नाही कुठल्या. चपला घालून दारात उभी.

डॉक्टरिणीने कागदावर लिहून दाखवलं, इंजिनापाशी इतकी वर्षं बसलात, कान गेले नसते तरच नवल. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते मोठं करून ऐकवता येईल. दोन्ही कानांत यंत्रं बसवली. शेंगदाण्याएवढी आहेत, आणि आत तुझ्यासारख्याच कुणीतरी छापलेल्या रेघा असणार, म्हणून काढताना जपून काढतो. आधी तर सगळं जगच पत्र्याचं वाटलं. कागद चुरगळला तरी कुणी कौलं फोडतंय असं वाटायचं. माझ्याच चपलांना मी दोनदा मागे वळून बघितलं.

काल संध्याकाळी गोदीतून आलो. दाराशी बूट काढत होतो, तर आतून बोलण्याचा आवाज आला. कुणीतरी म्हातारी बाई, दमलेली, हळू आवाजात काहीतरी सांगत होती. आवाज ओळखीचा वाटेना. म्हटलं, पाहुण्या आल्यात, हातपाय धुऊन जावं. केस सारखे केले आणि आत गेलो. आत कुणी नव्हतं. मामी एकटीच ओट्याशी उभी होती, भांडी पुसता पुसता स्वतःशी बोलत होती.

उचापत, तो तिचा आवाज होता. तो म्हातारा कधी झाला ग? माझ्या डोक्यात तर तिचा तोच जुना आवाज होता, खणखणीत. मला वाटायचं, ती कमी बोलते. ती बोलत होती. उत्तर येत नाही म्हणून भांड्यांशी बोलायला लागली होती.

मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलो. ती दचकली. म्हणाली, "अहो, कधी आलात?"

म्हटलं, "बोल."

"काय बोलू?"

"तीन वर्षांत जे जे बोललीस ते सगळं. मला काहीच पोचलेलं नाही."

तिने फडकं खांद्यावर टाकलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "त्यातलं निम्मं तुम्हाला बोल लावलेलं होतं."

"मग तिथूनच सुरू कर," म्हटलं.

काल केलं सुरू. अजून पहिलंच वर्ष चाललंय. आत्ताही शेजारी बसून बोलतेच आहे, आणि लिहिता लिहिता ऐकणं मला जमत नाही, म्हणून इथेच थांबतो.

मामा